चाकातले कुलूप आणि न थांबणारे बेअरिंग

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या होत्या. सैन्याला नकोशा झालेल्या या गाड्या अमेरिकेत शेतकऱ्यांनी, लाकूडतोड्यांनी आणि शिकाऱ्यांनी विकत घेतल्या. चिखलात आणि बर्फात जीपला तोड नव्हती. पण डांबरी रस्त्यावर लांबचा पल्ला मारायचा म्हटला की तिची एक अडचण समोर येई. ताकद पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसचा दांडा टू-व्हीलवर टाकला तरी पुढच्या चाकांना जोडलेले सगळे भाग फिरतच राहत. इंजिन ते भाग फिरवत नसे. रस्त्यावर घरंगळणारी चाकेच त्यांना ओढून फिरवत. दोन अ‍ॅक्सल शाफ्ट, त्यांच्या टोकाचे जोड, डिफरन्शियलचे दाते आणि प्रॉपेलर शाफ्ट असा सारा लवाजमा कामाशिवाय झिजत असे, घरघरत असे आणि पेट्रोल खात असे.

१९४८ मध्ये आर्थर वॉर्न नावाच्या माणसाने यावर तोडगा विकायला सुरुवात केली. चाक आणि अ‍ॅक्सल यांचा कायमचा जोड काढायचा आणि त्या जागी हवा तेव्हा जोडता येईल, हवा तेव्हा सोडता येईल असा हब बसवायचा. वॉर्न कंपनीचे नाव आज बहुतेकांना विंचमुळे ठाऊक असते, पण तिचा पाया या लॉकिंग हबवर घातला गेला. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला फ्री-व्हील हब असेही म्हणतात. मुंबईत महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून या गाड्यांचा पुढचा अ‍ॅक्सल महाराष्ट्रातल्या मिस्त्रींच्या हातांना ओळखीचा आहे.

या प्रकरणात दोन गोष्टी पाहायच्या आहेत. एक, फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपवर लॉकिंग हब नव्याने का आणि कसा बसवतात. दोन, त्या हबच्या मागे दडलेल्या बेअरिंगची निगा कशी राखायची. लोक पहिलीवर पैसे खर्च करतात आणि दुसरी विसरतात. म्हणून दोन्ही एकत्रच समजून घेतल्या पाहिजेत.

हब नेमके काय करतो

पुढच्या चाकाच्या मधोमध एक जाड, पोकळ पोलादी नळी असते. तिला स्पिंडल म्हणतात. ती स्टिअरिंगच्या नकलला बोल्टने घट्ट बसवलेली असते आणि स्वतः फिरत नाही. तिच्या अंगावर दोन बेअरिंग बसतात आणि त्या बेअरिंगवर चाकाचा हब फिरतो. स्पिंडलच्या पोकळीतून अ‍ॅक्सल शाफ्टचे टोक बाहेर येते. त्या टोकावर खाचा असतात.

आता चाकाचा हब आणि हे खाचांचे टोक यांना जोडायचे कसे? जुन्या जीपमध्ये एक पोलादी चकती लावून दोन्ही कायमचे जखडलेले असत. लॉकिंग हबमध्ये त्या चकतीऐवजी सरकणारी एक कडी असते. बाहेरची खिट्टी फिरवली की कडी सरकते आणि दोन्हीकडच्या खाचांत अडकते. चाक आणि अ‍ॅक्सल एक होतात. खिट्टी उलटी फिरवली की कडी मागे जाते आणि चाक एकटे फिरते. मग अ‍ॅक्सल, डिफरन्शियल आणि प्रॉपेलर शाफ्ट उभे राहतात.

दोन्ही बाजूंचे हब एकाच स्थितीत असायला हवेत. एक लॉक आणि एक मोकळा राहिला तर साधे डिफरन्शियल मोकळ्या बाजूचा शाफ्ट नुसताच गरगरा फिरवते आणि पुढचे चाक ओढतच नाही. चिखलात अडकलेला माणूस ट्रान्स्फर केसला दोष देतो. प्रत्यक्षात एक खिट्टी अर्धवट फिरलेली असते.

हब लॉक करून टू-व्हीलवर गाडी चालवली तर काही बिघडत नाही. उलट ते मधूनमधून केलेच पाहिजे. महिनोन्‌महिने हब मोकळे राहिले तर पुढच्या डिफरन्शियलमधले तेल तळाशी बसून राहते आणि वरचे दाते, सील कोरडे पडतात. महिन्यातून एकदा हब लॉक करून पंधराएक किलोमीटर गाडी चालवावी. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत असाच सल्ला असतो.

कोरड्या डांबरावर ट्रान्स्फर केस फोर-व्हीलवर टाकणे मात्र टाळावे. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. मधल्या डिफरन्शियलशिवायच्या गाडीत हा फरक कुठेच सुटत नाही. तो शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो आणि सर्वांत कमकुवत भागावर निघतो.

बदल करण्याची तीन कारणे

हबमधले बदल लोकांनी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कारणांनी केले.

पहिली लाट १९७० च्या दशकातली. अमेरिकेत शेव्हरोले, फोर्ड आणि डॉज यांनी त्या काळात पिकअपवर एनपी २०३ ही ट्रान्स्फर केस दिली. ती पूर्णवेळ फोर-व्हील ड्राइव्ह होती. तिच्यात मधले डिफरन्शियल असे, त्यामुळे डांबरावरही चारही चाके ओढत आणि पुढच्या हबला सोडण्याची सोय ठेवलेली नसे. १९७३ मध्ये तेलसंकट आले, पेट्रोल महागले आणि या गाड्या मालकांना परवडेनात. मग बाजारात अर्धवेळ फोर-व्हील ड्राइव्ह करून देणारी किट आली. ट्रान्स्फर केसमधले मधले डिफरन्शियल काढून त्या जागी वेगळा शाफ्ट घालायचा आणि पुढे लॉकिंग हब लावायचे. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागे. ट्रान्स्फर केस तशीच ठेवून नुसते हब लावले आणि मोकळे सोडले, तर मधले डिफरन्शियल सगळी ताकद पुढच्या मोकळ्या शाफ्टकडे पाठवते आणि गाडी जागची हलत नाही. पूर्णवेळ फोर-व्हील ड्राइव्हच्या कुठल्याही गाडीवर हब बसवण्यापूर्वी ट्रान्स्फर केस आधी समजून घ्यावी लागते ती यासाठी.

दुसरी लाट स्वयंचलित हबच्या विरोधात उठली. चालकाला पावसात, चिखलात खाली उतरावे लागू नये म्हणून १९८० च्या दशकात फोर्डच्या छोट्या रेंजर पिकअपसारख्या गाड्यांना आपोआप लॉक होणारे हब आले. शाफ्टने जोर लावला की आतली कडी स्वतःच सरके. सोडवायचे असेल तर टू-व्हीलवर टाकून गाडी थोडी मागे घ्यावी लागे. समतल रस्त्यावर ही सोय छान होती. घाटाच्या उतारावर तिची उणीव कळे. लो गिअरमध्ये इंजिन गाडीला रोखून धरत असते, तेव्हा जोराची दिशा उलटते. अशा वेळी काही हब क्षणभर सुटत आणि पुन्हा लागत. नेमक्या ज्या ठिकाणी पुढच्या चाकांचा आधार हवा, तिथेच तो डळमळे. पुढे निर्वात दाबावर चालणारे हब आले. १९९९ पासूनच्या फोर्ड सुपर ड्युटी पिकअपमध्ये डॅशबोर्डवरची कळ फिरवली की निर्वात नळी हबमधली हवा खेचते आणि कडी सरकते. नळीला चीर गेली, नकलमधले सील झिजले किंवा आत पाणी शिरले की कळ फिरते पण हब लागत नाही.

या गाड्यांचे मालक हाताने फिरवायचे हब बसवतात. सुपर ड्युटीवर हे काम तुलनेने सोपे असते. बाहेरची स्प्रिंग कडी काढायची, जुना हब ओढून बाहेर घ्यायचा, नवा बसवायचा आणि निर्वात नळ्यांची तोंडे बंद करायची. हाताच्या हबमध्ये काय चालले आहे ते खिट्टीकडे पाहून कळते. दुर्गम भागात एकट्याने गाडी नेणाऱ्याला ही खात्री मोलाची वाटते.

तिसरी लाट सर्वांत खर्चिक आणि या प्रकरणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. १९९४ पासूनच्या डॉज रॅम २५०० आणि ३५०० या पिकअपना पुढे सीलबंद युनिट बेअरिंग दिलेले होते. हब, बेअरिंग आणि फ्लँज असा सगळा मिळून एकच गोळा. चार बोल्ट काढले की बाहेर येतो. कारखान्यात तो पटकन बसतो, जुळवाजुळव लागत नाही. पण त्याला लॉकिंग हब नाही, म्हणून अ‍ॅक्सलची बाहेरची टोके सदैव चाकाबरोबर फिरतात. सुरुवातीच्या वर्षांत अ‍ॅक्सलच्या मध्यावर निर्वात दाबाने सरकणारी एक जोडकडी होती, ती सुटली की निदान प्रॉपेलर शाफ्ट थांबे. २००२ च्या सुमारास तीही काढली गेली आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्टसुद्धा सतत फिरू लागला. त्यात या ट्रकच्या नाकावर ५.९ लिटरचे कमिन्स डिझेल इंजिन असते. त्याचे वजन एकट्याचे सुमारे ५०० किलो. वर मालक मोठी, रुंद चाके घालतात. युनिट बेअरिंग लवकर वाजू लागले की अख्खा गोळा टाकून नवा घ्यावा लागतो. त्याला उघडून ग्रीस भरायची सोयच नसते.

डायनाट्रॅकचे फ्री-स्पिन आणि स्पिनटेक यांसारखी किट यासाठी निघाली. त्यांत युनिट बेअरिंगच्या जागी जुन्या पद्धतीचा स्पिंडल येतो, त्यावर दोन निमुळती रोलर बेअरिंग बसतात, मग चाकाचा हब, नवा बाहेरचा अ‍ॅक्सल आणि टोकाला हाताचा लॉकिंग हब. अमेरिकेत अशा किटची किंमत दोन हजार डॉलरच्या पुढे जाते.

ज्याला विश्रांती नाही असा भाग

किट विकत घेणारे बहुतेक जण इंधन वाचेल म्हणून घेतात. बचत होते, पण थोडी. तेवढ्यावर किटचा खर्च भरून निघायला फार किलोमीटर चालवावे लागते. स्टिअरिंग हलके होते, घरघर कमी होते, अ‍ॅक्सलचे क्रॉस आणि डिफरन्शियल टिकतात. हे सगळे खरे आहे.

मात्र लॉकिंग हब चाकाच्या बेअरिंगला काडीचीही विश्रांती देत नाही. खिट्टी कुठेही असो, चाक फिरले की बेअरिंग फिरणारच आणि गाडीचे वजन त्याच्यावर असणारच. हब मोकळा करून निश्चिंत झालेला मालक ज्या भागाला विसरतो, तोच भाग प्रत्येक किलोमीटरला राबत असतो. म्हणून किटमधला खरा लाभ खिट्टीत नाही. तो त्या दोन उघडता येणाऱ्या बेअरिंगमध्ये आहे. बैलगाडीच्या आसाला वेळच्या वेळी वंगण घालणारा शेतकरी जे जाणत होता, तेच इथे लागू पडते: उघडता येते ते राखता येते.

या बेअरिंगचा जनक हेन्री टिमकेन, सेंट लुईसचा घोडागाड्या बनवणारा कारागीर. साध्या बेअरिंगवर वळणाचा आडवा जोर पडला की ते तग धरत नसे. टिमकेनने रोलर निमुळते केले आणि ते निमुळत्याच वाटीत तिरके बसवले. त्यामुळे एकच बेअरिंग वरून येणारे वजनही झेलते आणि बाजूने येणारा धक्काही. याचे पेटंट त्याला १८९८ मध्ये मिळाले. पिकअपच्या स्पिंडलवर अशी दोन बेअरिंग एकमेकांकडे तोंड करून बसतात. एक आतून येणारा जोर रोखते, दुसरे बाहेरून येणारा. दोघांमधला ताण नटाने जुळवायचा असतो आणि बेअरिंगचे आयुष्य मुख्यतः त्या नटावर ठरते.

निगा: चाक उचलल्यापासून नट कसेपर्यंत

बेअरिंग बिघडण्याआधी सांगते. वेग वाढला की गुणगुण वाढते आणि एका बाजूला वळले की आवाज बदलतो, कारण वजन दुसऱ्या चाकावर सरकते. लांब पल्ल्यानंतर हबला हात लावून पाहावा. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम असेल तर तिथे काहीतरी चुकते आहे. चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवावे. खुटखुट आली तर बेअरिंगचा प्ले किंवा बॉल जॉइंट बघायचा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावरच आली तर स्टिअरिंगचे जोड बघायचे. गाडीखाली घोडी लावल्याशिवाय हात आत घालू नये.

चाकाची बेअरिंग उघडून नवे ग्रीस भरायचा काळ अनेक पुस्तिकांत ४० ते ५० हजार किलोमीटरचा दिलेला असतो. पाण्यातून जाणाऱ्या गाडीला हा हिशोब लागू नाही. तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. कोकणातल्या ओढ्यांतून, पावसाळी नदीतून हबभर पाण्यात गाडी गेली असेल तर घरी आल्यावर हब उघडून पाहावा. ग्रीस दुधाळ दिसले की थांबू नये.

उघडताना लॉकिंग हब आधी निघतो. टोयोटा हायलक्सच्या जुन्या, सरळ अ‍ॅक्सलच्या पिकअपवर त्याच्या बोल्टमध्ये शंकूच्या आकाराचे वॉशर असतात. नट काढले तरी हब हलत नाही. पितळी दांड्याने बोल्टच्या टोकांवर टकटक केले की वॉशर सुटतात. पटाशी घालून उचकटले तर हबचा काठ खराब होतो. आतल्या मोठ्या नटाला ५४ मिलिमीटरचा सॉकेट लागतो. छिन्नी आणि हातोड्याने तो फिरवण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे. त्याने नटाचे काठ मोडतात, लोखंडाचा कीस बेअरिंगमध्ये पडतो आणि किती कसले याचा अंदाज उरत नाही. योग्य सॉकेट एकदाच घ्यावा लागतो.

बेअरिंग केरोसीनमध्ये किंवा डिझेलमध्ये जुने ग्रीस पूर्ण निघेपर्यंत धुवावे. हवेच्या पाइपने वाळवताना ते गरगरा फिरवू नये. ग्रीसशिवाय वेगाने फिरलेले रोलर ओरखडतात आणि पिंजरा तुटून उडू शकतो. मग उजेडात नीट पाहावे. रोलरवर खड्डे, पापुद्रे किंवा तापल्याचा निळसर रंग दिसला तर ते टाकून द्यावे. वाटीवर रोलरच्या अंतराने उमटलेल्या रेघा जोराच्या धक्क्याची खूण असतात. बेअरिंग बदलले तर वाटीही बदलायची. जुन्या वाटीवर नवा रोलर लवकर खराब होतो. वाटी पितळी दांड्याने चहूबाजूंनी सारखी ठोकत बसवावी. ती तळाला टेकली की ठोक्याचा आवाज बदलतो.

ग्रीस चाकाच्या बेअरिंगसाठीचे, एनएलजीआय २ क्रमांकाचे, लिथियम कॉम्प्लेक्स जातीचे घ्यावे. वेगवेगळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मिसळू नयेत. काही जोड्या एकत्र आल्या की पातळ होऊन वाहून जातात. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहावे. रोलरच्या दुसऱ्या बाजूने ग्रीस वर येईपर्यंत दाबावे आणि पूर्ण चक्कर तसे करावे. नुसते बाहेरून चोपडलेले ग्रीस रोलरपर्यंत पोहोचत नाही. स्पिंडलच्या आतल्या टोकाला बुश किंवा सुई-बेअरिंग असते, त्यालाही ग्रीस द्यावे. फोर-व्हीलवर अ‍ॅक्सल त्याच्यात फिरतो. तेल-सील दरवेळी नवे घालावे. लॉकिंग हबच्या यंत्रणेत मात्र हात आखडता ठेवावा. तिथे हलका थर पुरतो. ग्रीस कोंबले तर कडी सरकत नाही आणि थंडीत हब अर्धवटच लागतो.

यानंतर येते नट कसण्याचे काम. आधी चाकाचा हब फिरवत फिरवत नट चांगला कसायचा, म्हणजे रोलर वाटीत नीट बसतात. मग तो सैल करून ठरलेल्या ताणावर आणायचा. इथे दोन परंपरा आहेत. अमेरिकन डाना ४४ सारख्या अ‍ॅक्सलवर आतला नट सुमारे ६८ न्यूटन-मीटरने कसून मग मागे घेतात आणि हबला किंचित प्ले ठेवतात, मिलिमीटरच्या काही शतांशांइतका. जुन्या टोयोटावर प्ले ठेवत नाहीत. उलट थोडा दाब ठेवतात. तो मोजायला चाकाच्या एका बोल्टला ताणकाटा अडकवून हब ओढायचा. फिरायला सुरुवात होताना काट्यावर साधारण तीन ते साडेपाच किलो दिसले पाहिजेत. एका परंपरेचा आकडा दुसऱ्या गाडीवर लावला तर बेअरिंग जळेल किंवा खुळखुळेल. आपल्या गाडीची पुस्तिका हाच प्रमाण ग्रंथ. शेवटी कुलपाचा वॉशर आणि बाहेरचा नट लावल्यावर पुन्हा एकदा तपासावे, कारण बाहेरचा नट कसला की आतला ताण थोडा बदलतो. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर चाक उचलून प्ले परत बघावा.

बदल करावा की नाही

हाताच्या हबला किंमत मोजावी लागते. उतरावे लागते, दोन्ही खिट्ट्या फिरवाव्या लागतात आणि चिखलात शिरण्याआधी आठवावे लागते. सीलबंद युनिट बेअरिंगमध्ये एबीएसचा सेन्सर असतो. काही किटमध्ये तो टिकतो, काहींत जातो. ब्रेकची सुरक्षा काढून घेणारे किट घेऊ नये. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कारखान्याच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, म्हणून मोठा बदल करण्यापूर्वी आरटीओकडे चौकशी करावी. आणखी एक सूचना: ज्या गाडीच्या युनिट बेअरिंगचा ताण अ‍ॅक्सलच्या टोकाच्या नटावर अवलंबून असतो, तिचा अ‍ॅक्सल काढून ती नुसती ढकलूसुद्धा नये, बेअरिंग आतून सुटते.

गाडी बहुतांशी शहरात चालत असेल आणि सीलबंद बेअरिंग नीट चालत असेल तर बदल करण्याची गरज नाही. आवाज आला की चांगल्या कंपनीचे नवे बसवावे. गाडी जड ओझे ओढत असेल, पाण्या-चिखलातून नेहमी जात असेल आणि ती दहा-पंधरा वर्षे वापरायची असेल, तर उघडता येणारी बेअरिंग आणि हाताचा हब यांवरचा पैसा सत्कारणी लागतो. पण एका अटीवर. किट बसवून उघडण्याची सोय मिळवली आणि नंतर कधी उघडलेच नाही, तर सीलबंद बेअरिंगच बरे होते, कारण ते निदान दुर्लक्ष गृहीत धरून बनवलेले असते. तुमच्या पिकअपला स्पिंडलवरची बेअरिंग असतील तर पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रींना चाक उतरवून हब उघडायला सांगा आणि ग्रीसचा रंग स्वतः पाहा.